दांडीवरचे कपडे

"हा शर्ट परवाच धुतलाय, नाना," मी म्हटलं. "त्यानंतर कुणी अंगातसुद्धा घातला नाही."

"घातला नसेल. धूळ तर बसलीये ना?"

असं म्हणून नानांनी माझ्या नवऱ्याचा राखाडी शर्ट टेबलावर पसरला, पाण्याचा फवारा मारला आणि वाफेची इस्त्री कॉलरवरून अशी झोकात फिरवली, की बघणाऱ्याला वाटावं, शर्टाचा मालक बाहेर गाडी चालू ठेवून उभा आहे. बाहेर ना मालक होता, ना गाडी. बाहेर खड्डा होता. आमच्या लाँड्रीच्या पायरीपुढे हातभर फरशी, मग पत्र्याचं कुंपण आणि कुंपणापलीकडे रस्त्याच्या जागी माणूस उभा बुडेल एवढा खोल चर. शर्टाचा मालक मालाचा ट्रक घेऊन दूर गावी गेला होता आणि रविवारशिवाय येणार नव्हता.

नानांनी शर्ट हँगरला लावला, गिऱ्हाइकांच्या कपड्यांना लावतात तशी गुलाबी चिठ्ठी टाचली आणि काचेमागच्या दांडीवर अडकवला. त्याच्या शेजारी माझा साखरपुड्यातला ड्रेस होता. त्याच्या शेजारी लेकीचा आखूड झालेला शाळेचा गणवेश, मग आमच्या पलंगावरची चादर, मग नानांचे स्वतःचे तीन कोट. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटलं असतं, या लाँड्रीत श्वास घ्यायला फुरसत नाही. फक्त रस्त्यावरून बघणारं कुणी नव्हतं.

नाना म्हणजे माझे सासरे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाकघर दाखवायच्या आधी दुकान दाखवलं होतं, आणि सासूबाई गेल्यापासून तर घर आणि दुकान यांतलं अंतर मला कळेनासंच झालं आहे. पुढे काउंटर आणि दांडी, मध्ये इस्त्रीचं टेबल, मागे धुण्याची दोन यंत्रं आणि त्यामागे आम्ही. कपड्याला लागलेला डाग बघून नाना सांगतात तो कशाचा आहे, आणि पुष्कळदा कुणाच्या भांडणातला आहे तेसुद्धा. पण ते बाहेर कधी बोलत नाहीत. लोकांची धुणी चारचौघांत धुवायला आपण बसलेलो नाही, म्हणतात.

नानांचे दोन नियम होते. पहिला, दांडी रिकामी दिसता कामा नये. हे त्यांना त्यांच्या मालकांनी शिकवलं, ज्यांच्याकडे ते पोरवयात कामाला लागले. रिकामी दांडी दिसली की गिऱ्हाईक म्हणतं, इथे कुणी येत नाही, मग मी तरी कशाला जाऊ. म्हणून मंदीच्या दिवसांत मालक स्वतःचे कपडे टांगायचे, तेच नाना करत होते. मंदी दोन-चार दिवसांची असायची तेव्हा हे शोभायचं. आता ऋतू बदलला तरी रस्ता उघडला नव्हता, आणि घरचे कपडे धुऊन धुऊन विरायला लागले होते.

दुसरा नियम त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, पण तो पहिल्यापेक्षा पक्का होता. कुणी विचारलं, "काय, धंदा कसा?" तर उत्तर एकच, "उत्तम." सासूबाईंना दवाखान्यात ठेवलं होतं त्या आठवड्यातही मी त्यांना "उत्तम" म्हणताना ऐकलं आहे.

खरं सांगायचं तर खड्ड्याबद्दल बोलायलाही आम्हाला तोंड नव्हतं. जुनी गटारं तुंबून घाण पाणी मागच्या दाराने यंत्रांपर्यंत यायचं, तेव्हा सांडपाण्याचे नवीन नळ टाका म्हणून गल्लीतल्या सगळ्या दुकानदारांना घेऊन कचेरीत गेले होते ते नानाच. काम सुरू झालं त्या दिवशी ते पायरीवर उभे राहून कौतुकाने बघत होते. मजुरांनाही ते चांगलं वागवत. ते बिचारे रोज सकाळी आमच्या पायरीला एक फळी लावून द्यायचे, म्हणजे गिऱ्हाइकाला चरावरून येता यावं. फळी मजबूत होती. पण हातात धुतलेल्या सूटचं ओझं घेऊन, खाली चिखल बघत फळीवरून चालायला कोण येणार? एकेक नेहमीचं गिऱ्हाईक पलीकडच्या चौकातल्या लाँड्रीत जाऊ लागलं. कुणी आम्हाला सांगून गेलं नाही, आणि तेच बरं झालं, कारण सांगितलं असतं तर नानांनी "अवश्य जा" म्हणून आशीर्वादसुद्धा दिला असता.

भाडं थकलं. जागेचे मालक माणूस सज्जन, पण त्यांच्या भाच्याला तिथे मोबाइलचं दुकान टाकायचं होतं आणि भाचा काही सज्जन नव्हता. महिनाअखेरपर्यंत थांबतो, मग मात्र माझा नाइलाज आहे, असं मालक येऊन सांगून गेले. जाताना त्यांनी भरलेल्या दांडीकडे असं बघितलं, की त्यांच्या मनातलं मला वाचता आलं. एवढं काम आहे, तर भाडं का देत नाहीत?

त्याच सुमारास सरकारने मदत जाहीर केली. सार्वजनिक कामामुळे ज्या छोट्या दुकानांचा धंदा बसला त्यांना थकलेलं भाडं भरता येईल आणि पुन्हा उभं राहता येईल एवढी रक्कम मिळणार होती, आणि ती परत करायची नव्हती. समोरचे चाव्यावाले काका ही बातमी घेऊन फळीवरून जवळजवळ पळत आले. अर्ज मी भरला. नाना नाही म्हणतील अशी मला धास्ती होती, पण त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि सही केली.

"यात लाज कसली?" ते म्हणाले. "खड्डा त्यांचा आहे. नुकसान आपलं आहे. ते भरून देतायत, भले लोक आहेत."

माझा जीव भांड्यात पडला. घोडं पुढे कुठे पेंड खाणार आहे, ते मला काय माहीत?

तपासणीला सरकारी कचेरीतल्या बाई आल्या त्या दिवशी मी उरल्यासुरल्या गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला गेले होते. येऊन बघते तर नाना खुशीत. काउंटरच्या कडा पुसत होते आणि चक्क शीळ घालत होते.

"कचेरीतल्या बाई येऊन गेल्या," ते म्हणाले. "अगदी भली बाई. सगळं दुकान फिरून दाखवलं मी."

"मग? काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? बघितलं, लिहून घेतलं. विचारलं, कसा चाललाय धंदा?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली. "आणि तुम्ही काय सांगितलं?"

नानांची शीळ थांबली. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भरलेल्या दांडीकडे. आपल्या हातून काय झालं ते त्यांच्या त्या क्षणी लक्षात येत होतं, आणि ते येताना मला दिसत होतं.

"उत्तम म्हणालो," ते पुटपुटले.

"नाना."

"अगं, मला माहीत होतं ना ती कोण ते. तिच्या गळ्यात ओळखपत्र होतं, मी वाचलं. पण तिनं विचारलं आणि निघून गेलं तोंडातून. आयुष्यभर एकच उत्तर दिलंय, दुसरं येतच नाही."

मी कपाळाला हात लावून गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. मला रागही येत होता आणि हसूही, आणि दोन्ही एकाच वेळी येतात तेव्हा माणूस काहीच करू शकत नाही.

काही दिवसांनी उत्तर आलं. दुकानात भरपूर काम दिसून आलं, दुकानदाराने स्वतःच व्यवसाय उत्तम असल्याचं सांगितलं, सबब मदत देता येत नाही. चूक त्यांची काय होती? त्यांनी डोळ्यांनी बघितलं तेच लिहिलं होतं.

चाव्यावाल्या काकांना मात्र मंजूर झाली होती. त्या बाई त्यांच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी खड्ड्याचा, धुळीचा, दुखऱ्या गुडघ्याचा आणि सासुरवाडीच्या कटकटीचा असा काही पाढा वाचला होता, की त्या मध्येच खुर्ची मागून बसल्या होत्या. पण माणूस मनाचा मोठा. आमचं उत्तर वाचून ते हसले नाहीत.

"हरकत घ्या," ते म्हणाले. "एकदा परत तपासणी मागता येते, मी विचारून ठेवलंय. पण नाना, या वेळी तोंड वाईट करून उभे राहा. तुमचा चेहरा बघून तर मलाच तुमच्याकडे उसने मागावेसे वाटतात."

दुसऱ्या दिवशी मी आणि नाना कचेरीत गेलो. नानांनी कडक इस्त्रीचा कोट घातला होता. मी म्हटलं, निदान आज तरी साधा घाला. तर म्हणाले, लाँड्रीवाला चुरगळलेला कोट घालून गेला तर ते बरं दिसेल का?

बाई आपल्या टेबलाशी होत्या. चाळिशीच्या, थकलेल्या डोळ्यांच्या, समोर कागदांचा डोंगर. अंगात तपकिरी कोट, आणि काय सांगू, तो कोट बघून नानांचा जीव कासावीस झालेला मला दिसला. खांद्यावर पिशवीचा पट्टा लोंबकळून लोंबकळून एक बाजू पार चेपली होती, कॉलर मुडपलेली, बाहीला खडूसारखं काहीतरी लागलेलं. दिवसभर खड्ड्याखड्ड्यांतून फिरणाऱ्या बाईचा कोट कसा असणार?

"काका, मी स्वतः येऊन गेले की," त्या आवाज न चढवता म्हणाल्या. "दांडीवर कपडे लटकत होते. तुम्हीच म्हणालात, उत्तम चाललंय. मी आता काय करू सांगा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नानांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"बाई, तुमचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही एकदा परत या. इथे मला सांगता येणार नाही. तिथे दाखवतो."

 बाईंनी समोरचे कागद चाळले. "हरकतीचा अर्ज द्या. गुरुवारी येते," त्या म्हणाल्या.

बुधवारी दुपारी मी शिडी घेऊन दांडीपाशी गेले. म्हटलं, घरचे सगळे कपडे काढून कपाटात टाकू. येऊन बघू देत रिकामी दांडी.

"राहू दे," नाना मागून म्हणाले.

"नाना, पुरे झालं हं आता. त्या येऊन परत तेच बघतील आणि परत तेच लिहितील. महिना संपत आलाय. हे दुकान गेलं तर तुम्ही काय करणार आहात दिवसभर? आणि मी काय करणार?"

माझा आवाज चढला होता. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी अशी बोलले नव्हते. ते रागावले नाहीत. स्टुलावर बसले आणि इस्त्रीची तार गुंडाळत राहिले.

"आधी भरून दाखवली, ते नाटक होतं," ते म्हणाले. "आता रिकामी करून दाखवली, तर ते पण नाटकच. ती बाई दोन वेळा फसायला येणारे का इथे? जसं आहे तसं राहू दे. मी सांगतो तिला."

सांगतील यावर माझा विश्वास नव्हता. खरंच नव्हता. मी शिडी जागेवर ठेवली ती फक्त त्यांचं मन मोडवेना म्हणून. रात्री मी ताट तसंच ठेवून उठले. नाना मात्र नेहमीसारखं जेवले आणि त्याचाही मला राग आला.

गुरुवारी बाई आल्या. फळीवरून येताना त्यांचा तोल गेला, खाली काम करणाऱ्या मजुराने हात देऊन त्यांना सावरलं. बुटांचा चिखल पायरीवर खरवडत त्या आत आल्या. तोच तपकिरी कोट होता. मी पाणी दिलं.

"ड्यूटीवर काही घेत नाही आम्ही," त्या म्हणाल्या. मग बाहेरच्या धुळीकडे बघत म्हणाल्या, "पाण्याचं चालतं बहुतेक," आणि पेला घेतला.

नाना दांडीपाशी गेले. पहिला शर्ट काढला, कॉलर उलटी केली आणि बाईंपुढे धरली.

"इथं बघा. दोरा दिसला?"

कॉलरच्या आत, शिवणीला लागून, दोन टाक्यांचा पांढरा दोरा होता.

"आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घराला एक रंग असतो," नाना म्हणाले. "डॉक्टरांकडचा हिरवा, शाळेतल्या बाईंचा जांभळा, बँकेतल्यांचा केशरी. चिठ्ठी यंत्रात निघून जाते, दोरा जात नाही. माझ्या मालकांची पद्धत आहे ही. आणि पांढरा म्हणजे घरचं. पांढऱ्या दोऱ्याचं बिल होत नाही."

त्यांनी शर्ट काउंटरवर ठेवला. "हा माझ्या मुलाचा."

पुढचा काढला, आतली बाजू दाखवली. पांढरा दोरा. "हा पण त्याचाच. हा सूनबाईचा ड्रेस, साखरपुड्यातला. हा माझा. हा माझा. हा नातीचा गणवेश, आता तिला गुडघ्याच्या वर होतो. ही चादर घरातली."

एकेक हँगर खणखण करत काउंटरवर येत होता. मी मागे उभी होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. आमचं सगळं घर त्या काउंटरवर ढीग होऊन पडत होतं, नवऱ्याची उसवलेली पॅन्ट, माझा विटलेला स्वेटर, परक्या बाईसमोर. नानांचा आवाज मात्र हलला नव्हता. मधेच एखादा रंगीत दोरा निघाला, की तो कपडा दांडीच्या टोकाला परत टांगून म्हणत, "हे काम."

मग निळा लांब कोट आला. तो त्यांनी लगेच उलटा केला नाही. बाहीवरून हात फिरवला.

"हा हिच्या सासूचा," ते म्हणाले. "ती जाऊन दोन वर्षं झाली. याला धुवायचं काही कारण नाही. पण दांडीवर रंग पाहिजे ना, सगळं राखाडी राखाडी दिसतं. म्हणून दर आठवड्याला धुतो. इस्त्री करतो." कोटाची बाही सरळ करत म्हणाले, "तिला निळा शोभायचा."

बाईंचं लिहिणं थांबलं होतं. त्यांनी पेन बंद करून खिशाला लावलं आणि दांडीकडे बघितलं. लांबलचक नळी, आणि तिच्या एका टोकाला चार कपडे, एकमेकांना चिकटून.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "मला परत विचारायला लागेल. धंदा कसा चाललाय?"

 नानांचे ओठ हलले. तो जुना शब्द जिभेवर आलेला मला दिसला, आणि त्यांनी तो गिळलेलाही दिसला.

"चालत नाही, बाई," ते म्हणाले. "खड्डा पडल्यापासून अजिबात चालत नाही."

एवढंच. पण एवढं बोलून ते स्टुलावर टेकले, आणि कपाळावर घाम आला होता तो त्यांनी हातातल्या निळ्या कोटाला लागू नये म्हणून कोट लांब धरून पुसला. मला रडू फुटलं. मी यंत्रांच्या मागे जाऊन रडले आणि येताना उगीच एक बादली घेऊन आले.

बाई तिथेच काउंटरवर, घरच्या कपड्यांच्या ढिगाला कोपर टेकून, लिहायला बसल्या. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं. पहिल्या भेटीत दिसलेले कपडे दुकानदाराच्या कुटुंबाचे होते. ते कुणाचे आहेत, ही चौकशी मी त्या वेळी केली नाही. माझा पहिला अभिप्राय चुकीचा होता. कामामुळे व्यवसाय जवळपास बंद आहे.

"तुमचं कसं चुकलं?" नाना उठून उभे राहिले. "मीच उत्तम म्हणालो की. तसं लिहा. तुम्हाला वरचे बोलतील."

"बोलतील थोडं," बाई म्हणाल्या. "बोलू देत. विचारायला हवं होतं मी, ते माझं कामच आहे." त्यांनी कागद आवरले, पिशवी त्याच चेपलेल्या खांद्याला अडकवली आणि फळीवरून जपून पाय टाकत निघून गेल्या.

मी सरकारी कचेऱ्यांबद्दल आयुष्यभर नाक मुरडत आले आहे आणि अजूनही मुरडीन, सवय कुठे जाते? पण त्या दिवशी एक माणूस माझ्यासमोर बसून स्वतःची चूक स्वतःच्या अक्षरात लिहीत होता, कुणी सांगितलेलं नसताना, चार बोलणी खायची तयारी ठेवून. ते मी विसरणार नाही.

मदत महिना संपायच्या आत आली. नानांनी मालकांच्या घरी जाऊन भाडं दिलं आणि भाच्यालासुद्धा नमस्कार करून आले. उरलेल्या पैशांतून यंत्राचा खराब झालेला पट्टा बदलला. आणि मग त्यांना एक नवीनच दुखणं लागलं. आभार कुणाचे मानायचे? सरकारला हात नाही, तोंड नाही, कोट नाही. कचेरीत काही घेऊन जावं तर चालत नाही. शेवटी त्यांनी खड्ड्यातल्या मजुरांचे धुळीने कडक झालेले शर्ट गोळा केले आणि धुऊन, इस्त्री करून परत दिले. मजूर हसायला लागले. इस्त्रीचा शर्ट घालून चरात उतरायचं कसं, म्हणाले. एकाने तर तो घरी नेऊन जपून ठेवला.

नळ बसले, चर बुजला, वर गुळगुळीत रस्ता झाला. मजूर आमची फळी घेऊन गेले, तेव्हा नाना पायरीवर उभे होते. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाई आल्या, मग डॉक्टरांकडचा माणूस. बँकेतले अजून आले नाहीत, कदाचित येणारही नाहीत. दांडी अर्ध्याहून जास्त रिकामी होती. मी सवयीने नवऱ्याचा शर्ट इस्त्री करून टांगायला निघाले, तर नानांनी तो माझ्या हातातून घेतला आणि घडी घालून घरात ठेवला.

"काय नाना, कसा धंदा?" चाव्यावाल्या काकांनी समोरून विचारलं.

"बेताचा आहे," नाना म्हणाले. "पण चालू आहे."

काकांच्या हातातून चावी पडली.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी त्या बाई आल्या. कचेरी सुटल्यावर आल्या होत्या, गळ्यात ओळखपत्र नव्हतं. तपकिरी कोट त्यांनी हातावर घेतला होता.

"धुऊन द्याल का?" त्या जरा संकोचून म्हणाल्या. "फार दिवस झाले, टाकायचाच राहिला."

नानांनी कोट दोन्ही हातांनी घेतला. ज्याला बघून बघून इतके दिवस जीव कासावीस झाला होता, तो कोट शेवटी हाती लागला होता. "विचारायला लागतंय का? उद्या घेऊन जा," ते म्हणाले. "आणि पैशांचं नाव काढू नका."

"मग नाही ठेवणार मी," बाईंनी हात पुढे केला. "तसं चालत नाही. पूर्ण पैसे घ्या आणि पावती द्या."

नाना माझ्याकडे बघायला लागले. मी पावती फाडली. पूर्ण पैशांची. बाईंनी ती नीट वाचली, पैसे मोजून दिले आणि अर्ध्या रिकाम्या दांडीकडे एकदा बघून नव्या रस्त्याने निघून गेल्या.

"रंग कुठला देऊ यांना?" मी दोऱ्यांचा डबा उघडत विचारलं. "बँकेतल्यांचा केशरी मोकळाच आहे."

 नानांनी डबा स्वतःकडे ओढला, चष्मा लावला आणि दिव्याखाली सुई ओवली. मग तपकिरी कोटाची मुडपलेली कॉलर सरळ करून, आत शिवणीला लागून, त्यांनी पांढऱ्या दोऱ्याचे दोन टाके घातले.